अनेक देशांच्या फौजा, एकच मोहीम: आघाडीची शिवण कुठे बसते आणि कुठे उसवते

"वीस देशांच्या फौजा मदतीला रवाना" अशी बातमी वाचली की डोळ्यांपुढे एकच मोठं सैन्य उभं राहतं. प्रत्यक्षात ती वीस वेगवेगळी सैन्यं असतात. प्रत्येकाचा कायदा वेगळा, भाषा वेगळी, दारूगोळा वेगळा. शिवाय प्रत्येकाच्या राजधानीत एक माणूस बसलेला असतो आणि तो कुठल्याही क्षणी फोन करून आपल्या तुकडीला "थांबा" म्हणू शकतो.

अशा मोहिमांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास तपासला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. एखादी तुकडी कच्ची होती म्हणून मोहीम फसली, असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा दोन चांगल्या तुकड्यांमधली शिवण उसवते. एकाची जबाबदारी जिथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, नेमकी तिथेच माणसं मरतात. म्हणून बहुराष्ट्रीय मोहिमेचं नियोजन म्हणजे मुख्यतः या शिवणींचं नियोजन.

आधी कागद, मग बंदूक

पहिला प्रश्न असतो, कोणाच्या परवानगीने जायचं? यजमान देशाने बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी. सुरक्षा परिषदेने बळ वापरायची मुभा दिली असेल तर वेगळी, आणि दोन्ही असेल तर आणखी वेगळी. इराकने बळकावलेल्या कुवेतच्या वेळी २९ नोव्हेंबर १९९० च्या ठराव ६७८ ने १५ जानेवारी १९९१ ही मुदत घालून दिली होती. ती उलटल्यावर सदस्य देशांना "सर्व आवश्यक मार्ग" वापरायला मोकळीक होती. इंडोनेशियाच्या ताब्यातल्या पूर्व तिमोरच्या वेळी १५ सप्टेंबर १९९९ ला ठराव १२६४ मंजूर झाला, इंडोनेशियाची संमतीही होती, आणि २० सप्टेंबरला फौजा तिथल्या राजधानीत, दिली शहरात, उतरल्या.

ठरावाच्या भाषेतून मोहिमेचं एक वाक्य तयार करावं लागतं: कोण, काय, कुठे, कधी आणि कशासाठी. हे वाक्य लिहिताना जी ढिलाई होते ती पुढे फार महाग पडते. "सुरक्षित वातावरण निर्माण करणे" हे शब्द वीसही राजधान्यांना मान्य होतात, कारण प्रत्येक जण त्यांचा आपल्याला हवा तो अर्थ लावतो. चांगला नियोजक अशा प्रत्येक क्रियापदासमोर दोन गोष्टी लिहून घेतो: हे काम पूर्ण झालं की जमिनीवर काय दिसेल, आणि त्यासाठी किती माणसं लागतील.

दुसरी गोष्ट टाळल्यावर काय होतं, ते बोस्नियाने दाखवलं. १९९३ मध्ये स्रेब्रेनित्सासह काही शहरं-गावं "सुरक्षित क्षेत्र" म्हणून जाहीर झाली. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील असा संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता. परिषदेने मान्य केला तो सुमारे ७,६०० सैनिकांचा "हलका पर्याय". जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा पडलं तेव्हा तिथे डच सैनिकांची एक अपुरी, रसद तुटलेली तुकडी होती. हवाई हल्ल्यांसाठी "दोन चाव्यां"ची व्यवस्था होती, म्हणजे संयुक्त राष्ट्रं आणि नाटो या दोघांनी होकार दिल्याशिवाय विमान बॉम्ब टाकू शकत नव्हतं. मदतीची मागणी वरपर्यंत पोचून परत येईतो शहर गेलं होतं. त्यानंतरच्या काही दिवसांत सात हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. कागदावरचा शब्द आणि जमिनीवरची संख्या यांच्यातली ती फट होती. ती दोन वर्षं आधीपासून सगळ्यांना दिसत होती.

हुकूम कोणाचा?

आघाडीची रचना साधारण तीन प्रकारची असते. एक देश पुढाकार घेतो, मुख्यालय आणि मूळ व्यवस्था त्याची, बाकीचे त्याला जोडले जातात, हा पहिला प्रकार. पूर्व तिमोरमध्ये ऑस्ट्रेलियाने हेच केलं. कमांडर होते मेजर जनरल पीटर कॉसग्रोव्ह, आणि उपप्रमुखपद थायलंडच्या मेजर जनरलकडे होतं. हा उपप्रमुख शोभेचा नव्हता. शेजारच्या आशियाई देशांना ही मोहीम आपलीही वाटावी, यासाठी ती नेमणूक गरजेची होती. ठरावानंतर पाच दिवसांत फौजा उतरू शकल्या, त्यामागे ही पुढाकारी रचना होती. तिची किंमतही असते. रसदेचा मोठा भार पुढाकार घेणाऱ्यावर येतो आणि तोही तिमोरमध्ये ऑस्ट्रेलियावर आला.

दुसरा प्रकार समांतर कमांडचा. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी आणि इतर पाश्चात्त्य फौजांचे प्रमुख जनरल नॉर्मन श्वार्झकॉफ होते, तर अरब आणि इस्लामी देशांच्या फौजा सौदी अरेबियाचे राजपुत्र खालिद बिन सुलतान यांच्या हाताखाली होत्या. दोघांच्या मध्ये एक समन्वय केंद्र बसवलं होतं. त्या केंद्राला हुकूम देण्याचा अधिकार नव्हता. हालचाली जुळवणं, नकाशे एकमेकांना दाखवणं, गैरसमज वेळीच पकडणं, एवढंच त्याचं काम. ही रचना कागदावर कमकुवत दिसते. पण अरब फौजांनी थेट अमेरिकी हुकमाखाली लढणं राजकीयदृष्ट्या अशक्य होतं, हे आधीच ओळखून ती आखली होती, म्हणून ती टिकली. राजकारणाशी भांडणारी कमांड रचना कितीही सुबक असली तरी पहिल्या ताणाला मोडते.

तिसरा प्रकार एकात्म मुख्यालयाचा, जसा नाटोचा. तिथे वर्षानुवर्षांचे सराव, समान कार्यपद्धती आणि कायमची मुख्यालयं असतात. संकट आल्यावर दोन आठवड्यांत ही रचना शून्यातून उभी करता येत नाही.

रचना कोणतीही असो, एक नियम बदलत नाही. सैनिकावरचा संपूर्ण अधिकार कधीच हस्तांतरित होत नाही. फोर्स कमांडरला मिळतं ते बहुधा "ऑपरेशनल कंट्रोल". म्हणजे तुकडीला ठरलेल्या मोहिमेत, ठरलेल्या भागात काम देता येतं. पण त्या देशाला विचारल्याशिवाय तुकडी फोडून तिची माणसं वेगवेगळ्या कामांना वाटता येत नाहीत आणि मोहिमेबाहेरचं काम सांगता येत नाही. शिस्तभंग झाला तर शिक्षाही त्याच देशाचा कायदा करतो. त्याहून कमी अधिकार म्हणजे "टॅक्टिकल कंट्रोल", नेमून दिलेल्या कामापुरतं हालचालींचं नियंत्रण. कोणता अधिकार, कोणत्या तारखेपासून, कोणत्या वेळेपासून, हे अधिकार-हस्तांतरणाच्या कागदावर लिहिलेलं हवं. तुकडी विमानातून उतरली म्हणजे ती आपल्या हाताखाली आली, असं समजणं ही नवख्या मुख्यालयाची ठरलेली चूक.

अटींचा तक्ता

मुख्यालयाने एकच कागद नीट करायचा ठरवला, तर तो हा असावा. प्रत्येक देश तुकडी देताना अटी घालतो. कोणी रात्री गस्त घालणार नाही, कोणी आपला भाग सोडून बाहेर जाणार नाही, कोणी जमाव पांगवणार नाही, कोणी माणसाला ताब्यात घेणार नाही. काही अटी लिहून दिलेल्या असतात. काही तोंडी असतात आणि ऐन वेळी बाहेर येतात.

तक्त्याच्या डाव्या बाजूला तुकड्यांची नावं लिहायची. वर आडव्या रांगेत कामं: रात्रीची गस्त, क्षेत्राबाहेर हालचाल, जमाव नियंत्रण, ताब्यात घेणं, दुसऱ्या देशाचे सैनिक आपल्या वाहनातून नेणं, रात्रीचं हेलिकॉप्टर, स्थानिक पोलिसांसोबत काम. चौकटीत तीनपैकी एक उत्तर: हो, नाही, किंवा "राजधानीला विचारून". शेवटचा रकाना मात्र बहुतेक तक्त्यांत नसतो, आणि तोच सर्वांत कामाचा: राजधानीकडून उत्तर यायला किती तास लागतात? "विचारून" म्हणणाऱ्या तुकडीचं उत्तर दोन तासांत येत असेल तर तिच्यावर योजना बांधता येते. अठरा तास लागत असतील तर संकटकाळी त्या तुकडीपुढे "नाही"च लिहायचं.

तास मोजण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: तुकडी आल्यावर पहिल्या आठवड्यात एक खोटी मागणी पाठवून बघायची. रविवारी रात्री.

मार्च २००४ मध्ये कोसोवोत दंगली पेटल्या आणि १९ माणसं मेली. नाटोच्या फौजा तिथे जवळजवळ पाच वर्षं होत्या. तरीही काही तुकड्यांना दंगल नियंत्रणाची परवानगी नव्हती, काहींकडे त्याची साधनंच नव्हती, काहींना आपलं क्षेत्र सोडता येत नव्हतं. सैनिकांची एकूण संख्या पुरेशी होती, पण त्या विशिष्ट कामासाठी, त्या विशिष्ट रात्री वापरता येतील असे सैनिक कमी पडले. आघाडीची ताकद मोजताना डोकी मोजून उपयोग नाही, "हो"च्या चौकटी मोजाव्या लागतात.

गोळी कधी चालवायची

बळ वापरण्याचे नियम, म्हणजे रूल्स ऑफ एंगेजमेंट, सगळ्यांना एकच वाटले जातात. अडचण वाचण्यात असते. समजा रस्त्यावर नाका आहे. ट्रक येतो, इशारा देऊनही थांबत नाही, वेग वाढवतो. नियमात लिहिलंय, "शत्रुत्वाचा हेतू दिसल्यास स्वसंरक्षणार्थ बळ वापरता येईल." एका देशाच्या सैनिकाच्या प्रशिक्षणात वेग वाढवणं हाच हेतू. दुसऱ्याच्या कायद्यात ट्रकवाल्याच्या हातात शस्त्र दिसल्याशिवाय हेतू सिद्ध होत नाही. तिसऱ्याला स्वतःच्या जिवासाठी गोळी चालवता येते, पण शेजारी उभ्या असलेल्या परदेशी सैनिकाच्या जिवासाठी चालवता येते का, हे त्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. त्या तिघांना एकाच नाक्यावर उभं केलं तर काय होईल, ते ट्रक येण्याआधी कळायला हवं.

उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. नियमांचं खिशात मावेल असं कार्ड सैनिकाच्या मातृभाषेत छापायचं. मग दहा-बारा प्रसंग लिहून काढायचे: न थांबणारा ट्रक, दगड मारणारी मुलं, गोदाम लुटणारा जमाव, शस्त्र घेऊन पळणारा माणूस. प्रत्येक तुकडीच्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांवर एकत्र बसवायचं. जिथे उत्तरं वेगळी येतात तिथे खूण करायची. नियम बदलता येत नसेल, तर नेमणूक बदलायची आणि त्या नाक्यावर एकाच देशाची माणसं ठेवायची.

१४ एप्रिल १९९४: एक सकाळ जवळून

उत्तर इराकमधल्या कुर्दांच्या संरक्षणासाठी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानची संयुक्त मोहीम तीन वर्षं सुरळीत चालली होती. त्या सकाळी दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं आघाडीचे अधिकारी आणि कुर्द प्रतिनिधी घेऊन उड्डाणबंदी क्षेत्रात शिरली. थोड्या वेळाने दोन एफ-१५ लढाऊ विमानं त्याच क्षेत्रात आली. हेलिकॉप्टरं आणि विमानं, दोन्ही अमेरिकेचीच होती. विमानांनी हेलिकॉप्टरं पाडली. आतली २६ माणसं गेली: १५ अमेरिकी, बाकी ब्रिटिश, फ्रेंच, तुर्की आणि कुर्द.

आता शिवणी मोजू. क्षेत्रात शिरल्यावर ओळखीचा इलेक्ट्रॉनिक कोड बदलायचा असतो, हे हेलिकॉप्टरच्या पथकापर्यंत पोचलेलंच नव्हतं. ते बाहेरचाच कोड वापरत होते, त्यामुळे विमानाने "मित्र की शत्रू" विचारल्यावर हवं ते उत्तर आलं नाही. हेलिकॉप्टरं रेडिओच्या एका फ्रीक्वेन्सीवर होती, विमानं दुसऱ्या. हवाई दलाकडे नवे, जाम न होणारे रेडिओ आले होते आणि हेलिकॉप्टरच्या रेडिओशी त्यांचं जुळत नव्हतं. वैमानिकांच्या हातातल्या त्या दिवसाच्या उड्डाण-यादीत ही हेलिकॉप्टरं नव्हती. क्षेत्रात सर्वांत आधी लढाऊ विमानांनी जायचं असा नियम होता. हेलिकॉप्टरांना त्यातून सूट आहे असं एका बाजूला वाटत होतं, दुसरीला ते माहीत नव्हतं. वर घिरट्या घालणाऱ्या रडार विमानातल्या लोकांना हेलिकॉप्टरं तिथे आहेत हे ठाऊक होतं, पण त्यांनी ते वेळेवर सांगितलं नाही. शेवटी डोळ्यांनी ओळखताना बाहेर लावलेल्या इंधनटाक्यांमुळे ब्लॅक हॉक ही रशियन बनावटीची हेलिकॉप्टरं वाटली.

यातली कोणतीही एक शिवण घट्ट असती तर ती माणसं वाचली असती. तीन वर्षं काही झालं नव्हतं, म्हणून कोणी शिवण तपासलीच नव्हती. चालू मोहिमेत दर महिन्याला कोड, फ्रीक्वेन्सी, उड्डाण-यादी आणि अपवादांची यादी एकाच टेबलावर सगळ्या दलांच्या माणसांसमोर मोठ्याने वाचायला हवी. नवी बदली आली की लगेच, आणि एखादं नवं उपकरण आलं की त्याच दिवशी.

आकडे, नकाशे, घड्याळं

हे मुद्दे क्षुल्लक वाटतात. एका तुकडीने जागा सांगितली: अक्षांश २७.३०. सांगणाऱ्याच्या मनात होतं २७ अंश ३० मिनिटं, ऐकणाऱ्याने धरलं २७ पूर्णांक ३० शतांश अंश. फरक ०.२ अंशाचा, जमिनीवर जवळपास २२ किलोमीटर. जखमी माणूस एका दरीत, हेलिकॉप्टर दुसऱ्या. म्हणून पहिल्याच आदेशात जागा लिहायची एकच पद्धत ठरवायची आणि एक नमुना छापून द्यायचा. नकाशाचा पाया, म्हणजे डेटम, सगळ्यांनी डब्ल्यूजीएस ८४ धरायचा. जुन्या स्थानिक नकाशांवरचा बिंदू त्याच्यापासून शेकडो मीटर सरकलेला असू शकतो. उंची फुटांत की मीटरमध्ये, अंतर सागरी मैलांत की किलोमीटरमध्ये, हेही तिथेच लिहायचं. वेळ एकच, जागतिक प्रमाणवेळ, आणि तारीख-वेळ लिहिण्याचा क्रमही एकच. उदाहरणार्थ ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे देशागणिक बदलतं.

संपर्क अधिकारी आणि भाषा

मुख्यालयात प्रत्येक तुकडीचा एक संपर्क अधिकारी असतो. देश बहुतेक वेळा रिकामा असलेला माणूस पाठवतात, आणि ते चुकीचं आहे. हा माणूस आपल्या कमांडरला रात्री दोन वाजता उठवू शकणारा हवा. त्याला मोहिमेची भाषा बोलता यायला हवी आणि स्वतःच्या तुकडीचं खरं सामर्थ्य माहीत हवं. चोवीस तास काम चालणार असेल तर एका माणसाने भागत नाही, किमान तीन लागतात. त्यांच्याकडे स्वतःचं वाहन आणि स्वतःच्या मुख्यालयाशी जोडलेला रेडिओ हवा.

भाषेबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. मुख्यालयातली इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, त्यांनी सावकाश आणि छोट्या वाक्यांत बोलावं. बैठकीत "समजलं का?" विचारलं की सगळे मान डोलावतात. त्याऐवजी "तुमची तुकडी उद्या सकाळी सहा वाजता काय करणार, सांगा" असं विचारावं. चुका तिथे लगेच बाहेर येतात.

माहिती वाटून घेण्यातही असाच अडथळा असतो. मोठे देश जवळजवळ प्रत्येक कागदावर आपल्यापुरता गोपनीय शिक्का मारतात आणि मग तो सोडवायला दोन दिवस लागतात. उलट करावं. कागद मुळातच सगळ्यांना देता येईल असा लिहावा. माहिती कुठून मिळाली ते गाळावं आणि काय, कुठे, कधी एवढं ठेवावं. नाक्यावरच्या सैनिकाला पुढच्या वळणावर सुरुंग आहे एवढं कळलं की पुरतं.

राखीव तुकडी कोणाची

३ ऑक्टोबर १९९३ ला सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, अमेरिकेच्या विशेष दलाने दुपारी छापा घातला. हे दल संयुक्त राष्ट्रांच्या कमांडखाली नव्हतं, आणि छाप्याची पूर्वकल्पना शहरातल्या इतर देशांच्या फौजांना नव्हती. दोन हेलिकॉप्टरं पडली, सैनिक अडकले. सोडवायला चिलखती गाड्या लागणार होत्या, आणि त्या होत्या मलेशियाकडे. रणगाडे होते पाकिस्तानकडे. दोघांशी बोलणं, परवानग्या, मार्ग ठरवणं, कोण कुठल्या गाडीत बसणार, हे सगळं अंधारात, लढाई चालू असताना करावं लागलं. ताफा निघाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. १८ अमेरिकी सैनिक गेले. मदतीला गेलेल्या ताफ्यातला मलेशियाचा एक सैनिकही गेला. मलेशियाच्या आणि पाकिस्तानच्या जवानांनी त्या रात्री जे केलं, त्याची आठवण अजून अधिक ठेवली जायला हवी.

बचावाची राखीव तुकडी आधी ठरवायची, तिला मार्ग आधी चालून बघायला लावायचा आणि तिच्या देशाची परवानगी आधीच खिशात ठेवायची. जुलै २००० मध्ये सिएरा लिओनच्या कैलाहुनमध्ये वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक शांतिसैनिकांना, ज्यांत बहुतांश भारतीय होते, ऑपरेशन खुकरीत सोडवलं गेलं. तिथे भारतीय पायदळ आणि हेलिकॉप्टरं, ब्रिटिश चिनुक हेलिकॉप्टरं, घाना आणि नायजेरियाच्या बटालियन्स अशी सगळ्यांची मोट बांधायला वेळ मिळाला होता. वेढा सुमारे अडीच महिने चालला होता आणि नियोजन तपशिलात झालं होतं.

विमानतळाचं गणित

नैसर्गिक आपत्तीत शत्रू नसतो, म्हणून समन्वय सोपा असेल असं वाटतं. तिथे अडवतो तो विमानतळ. समजा धावपट्टी एकच आहे आणि एका वेळी दोनच मोठी मालवाहू विमानं उभी करून रिकामी करता येतात. एक विमान रिकामं व्हायला सव्वादोन तास. चोवीस तास चालवलं आणि खोळंब्याचे पंधरा टक्के वजा केले, तर दिवसाला १८ विमानं. प्रत्येकी ४० टन धरले तर ७२० टन.

आता रात्रीचे दिवे नाहीत असं धरा: ९ विमानं, ३६० टन. वर फोर्कलिफ्ट बंद पडली, हाताने माल उतरवायला दुप्पट वेळ लागला: जेमतेम चार विमानं, १६० टन. लष्करी विमानातलं एक पॅलेट, म्हणजे माल बांधलेला सपाट पाट, साडेचार टनांपर्यंतचं असतं, गोदामातली दीड टनी फोर्कलिफ्ट तिथे कुचकामी. म्हणजे पहिल्या विमानात तंबू किंवा बिस्किटं न पाठवता फोर्कलिफ्ट, दिवे, जनरेटर आणि हवाई वाहतूक नियंत्रक पाठवायचे.

दुसऱ्या बाजूला गरज मांडा. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हे मदतकार्यात मान्य असलेलं प्रमाण. ५०,००० माणसांना ७,५०,००० लिटर, म्हणजे ७५० टन. सगळं सुरळीत चाललेला विमानतळही फक्त पाण्याला पुरत नाही. पाणी विमानाने आणायचंच नसतं, शुद्धीकरणाची यंत्रं आणायची. हे गणित पहिल्या तासात मांडलं नाही तर बाटल्यांची खोकी भरलेली विमानं आकाशात रांग लावतात आणि शल्यचिकित्सकांचं पथक त्यांच्या मागे अडकतं.

हैतीत १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाचं नियंत्रण कोलमडलं होतं. दुसऱ्या दिवशी उतरलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या पथकाने अर्ध्या तासाच्या आत धावपट्टीच्या कडेला एका घडीच्या टेबलावरून रेडिओने विमानं उतरवायला सुरुवात केली. ते कौशल्य थक्क करणारं होतं. तरीही फिरतं रुग्णालय घेऊन आलेल्या विमानाला शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिककडे वळवावं लागलं. विमान उतरवू शकणं आणि आधी कोणतं उतरवायचं ते ठरवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम यजमान सरकारचं आहे. त्याच्या माणसाला पहिल्या दिवसापासून त्या टेबलाशी बसवायला हवं, भले त्याचं कार्यालय कोसळलेलं असो.

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या उतापाओ तळावर, आणि एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळी सेनेने काठमांडूत, अशी बहुराष्ट्रीय समन्वय केंद्रं उभी राहिली. अशा केंद्राने हुकूम द्यायचा नसतो. कोणत्या खोऱ्यात कोणाचं हेलिकॉप्टर, कोणाकडे किती जागा, कोणती मागणी अजून कोणी उचलली नाही, याचा एक फळा चालवायचा. लष्करी साधनं शेवटचा पर्याय म्हणून वापरावीत, हे आपत्तीत परदेशी लष्करी मदत कशी वापरावी ते सांगणाऱ्या ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वांचं म्हणणंही इथे लागू पडतं: ट्रकने जे जातं त्यासाठी हेलिकॉप्टर नको.

जखमींचा प्रवास

दहा मिनिटांत प्रथमोपचार, एका तासात प्रगत उपचार, दोन तासांत शस्त्रक्रिया, हे सर्वमान्य लक्ष्य. आघाडीत हेलिकॉप्टर एका देशाचं, डॉक्टर दुसऱ्याचा, जखमी तिसऱ्याचा. उड्डाणाला होकार कोण देणार? एका देशाच्या हेलिकॉप्टरमधला स्ट्रेचर दुसऱ्याच्या हेलिकॉप्टरमध्ये बसतो का? दुसऱ्या देशाचं रक्त द्यायला त्या सैनिकाच्या देशाची परवानगी आहे का? मोहीम सुरू होण्याआधी खऱ्या स्ट्रेचरवर खरा माणूस झोपवून सगळा प्रवास एकदा घड्याळ लावून करून बघावा. पहिल्या सरावात दोन तासांचं लक्ष्य क्वचितच गाठलं जातं.

निघून जाणारे आणि नवे येणारे

प्रत्येक योजनेत एक पान हवं: उद्या अमुक तुकडी मायदेशी गेली तर काय? रवांडात ७ एप्रिल १९९४ ला १० बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले आणि बेल्जियमने आपली तुकडी काढून घेतली. सर्वांत सुसज्ज तुकडी तीच होती, आणि तिच्या संरक्षणाखाली जमलेले लोक उघड्यावर पडले. सिएरा लिओनमध्येही खुकरीनंतर काही महिन्यांतच भारताने आपली फौज मागे घ्यायचं जाहीर केलं. देशांना तो अधिकार असतोच. म्हणून कोणतंही निर्णायक काम, मग ते विमानतळ असो, संदेशवहन असो की एकमेव शस्त्रक्रिया केंद्र, एकाच देशाच्या भरवशावर ठेवताना दुसरा कोण ते आजच चालवू शकतो, त्याचं नाव समोर लिहावं.

हस्तांतराची घाईही घातक. पूर्व तिमोरमध्ये २३ फेब्रुवारी २००० ला आघाडीने सूत्रं संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाकडे दिली. बरेच सैनिक तेच राहिले, फक्त टोप्या निळ्या झाल्या. टोपी बदलली की नियमही बदलतात, म्हणून खिशातलं कार्डही त्याच दिवशी बदलावं लागतं. नव्या मुख्यालयाला नकाशे, सुरुंगांच्या नोंदी, अटींचा तक्ता, स्थानिक मजुरांचे करार, कोणत्या गावच्या प्रमुखाला काय कबूल केलंय त्याची वही, हे सगळं सहीसकट द्यायचं. जुन्या आणि नव्या अधिकाऱ्यांनी किमान एक आठवडा एकाच गाडीतून गस्त घालायची. पहिल्या निम्म्या दिवसांत बोलणं जुन्याने करायचं, उरलेल्या दिवसांत नव्याने.